अडलं ते इंजिनापाशी

संपादक महोदय,

घरच्या संगणकावर विमान उडवणं म्हणजे पोरखेळ, असं समजणाऱ्यांसाठी हे पत्र. दोन वर्षं मी सिम्युलेटरसाठी डीसी-३ बनवतोय. हे विमान पहिल्यांदा उडालं १७ डिसेंबर १९३५ रोजी. बाहेरचा सांगाडा लवकर झाला. अडलं ते इंजिनापाशी. १४ सिलिंडरं गोलाकार मांडलेली. इंजिन बराच वेळ बंद राहिलं, की तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं. तसंच सुरू केलं तर न दबणाऱ्या त्या तेलामुळे कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो, म्हणून आधी पंखा हाताने फिरवून बघतात. एवढं प्रोग्रॅममध्ये बसवायला कित्येक रात्री गेल्या (बायकोच्या मते वाया). विनंती एकच: कुणाकडे जुन्या विमानांच्या देखभाल-पुस्तिका असतील, तर रद्दीत घालू नका, स्कॅन करून ठेवा. तेलाचे डाग चालतील.

– एक वाचक