परड्यातले दगड

कोल्हापूर,
20 मे

प्रिय बाळ्या,

परवा फोनवर तू हसलास, "तुझ्या परड्यात दगड पेर, तेवढेच येतील." लेका, न पेरताच आलेत. कात्यायनीच्या डोंगराकडची ही जागा घेताना मी वारा बघितला, रस्ता बघितला, माती तेवढी बघायची राहिली. वर चार बोटं तांबूस माती, खाली मुरूम आणि त्यात काळे गोटे. पहिल्या दिवशी पहार मारली तर ठिणगीच उडाली.

गेल्या वर्षीचा माझा शहाणपणा लाजेपोटी तुला सांगितला नव्हता. खोदायचा कंटाळा, म्हणून दोन ट्रॉल्या काळी माती आणली आणि मुरमावर वीतभर पसरली. देणारा म्हणाला, "काडी रोवली तरी फुटंल साहेब." त्यात लिंबू लावलं, कढीपत्ता लावला. जुलैत झड लागली. पाणी काळ्या मातीतून उतरलं आणि मुरमाच्या माथ्यावर जाऊन बसलं. वरची माती फुगलेली, खाली नुसता राडा. लिंबू उपटलं तर मुळाची साल हातात आली. उन्हाळ्यात त्याच मातीला बोट जाईल एवढ्या भेगा! शेजारचे उसवाले आबा कुंपणावरून बघत होते. म्हणाले, "मातीवर माती टाकत्यात व्हय? कालवायची असती."

मग त्यांनीच फूटभर खड्डा काढून पाण्यानं भरायला लावला. सकाळी बघतो तर निम्मं पाणी तसंच. खालचा थर फोडल्याशिवाय झाड जगणार नाही, हे तेव्हा डोक्यात शिरलं.

यंदा वळवाची वाट बघितली. पाऊस पडला, दोन दिवस थांबलो, वाफसा आला, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी झाली, तशी कुदळ धरली. तोच मुरूम, पण भाकरीसारखा मोडत होता. सगळा गुंठा खणायचा नाद सोडला. लिंबासाठी दोन-दोन फुटांचे खड्डे, भाजीसाठी तीन वाफे, बस्स. खड्ड्याच्या तळात पहारीनं आणखी भोकं पाडली आणि ती काळी माती, निघालेला मुरूम, शेणखत असं सगळं एकत्र कालवून परत भरलं.

दगड वेचण्यातही मी आधी येडेपणाच केला. वाळूची चाळण लावून बारीक खडासुद्धा काढत बसलो. दोन दिवसांत पाठ धरली आणि घमेलंभर माती मिळाली. आता मुठीपेक्षा मोठा गोटा तेवढा काढतो, सुपारीएवढा राहू देतो. चिकट काळ्या मातीत त्यानं पाणी वाहतं राहतं. मोठ्या गोट्यांची उताराच्या बाजूला ताल, म्हणजे दगडी बांध, रचलीय. पहिल्या पावसात माती वाहून जायची, ती तिथं अडेल. पांढरा खडा मात्र एकही ठेवत नाही. काळ्या मातीबरोबर आलेली ती चुनखड. कुटून वर लिंबू पिळलं की फसफसते. ती जास्त झाली की लिंबाची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात.

शेणखत ओलं मिळत होतं, स्वस्तात. आबांनी हात धरला. कच्च्या शेणात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, वाढते, आणि ती उसाची काय दशा करते हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. म्हणून जुनं, काळं पडलेलं, हातात भुगा होणारं खत घेतलं. वाफ्यांवर आबांच्या शेतातलं पाचट अंथरलंय. उरलेल्या जागेत मृगाच्या पावसावर ताग टाकणार, गुंठ्याला अर्धा किलो बी. फुलं धरायच्या आधी, दीड महिन्यात, कापून तिथंच गाडायचा. घरात सगळे विचारतात, यात खायला काय? आधी जमिनीचं पोट भरू दे म्हटलं, मग आपलं.

कडेची एक पट्टी मात्र निव्वळ दगड आहे, तिथं कुदळ चालतच नाही. तुझ्या बार्शीच्या बांधावर सीताफळं अशाच जागेत वाढतात ना? झाडाखाली आपोआप उगवलेली चार-पाच रोपं घेऊन ये. वीतभरच बघ, मोठ्यांचं सोटमूळ तुटतं. आणि मातीचा गड्डा फुटू देऊ नकोस, ओल्या पोत्यात गुंडाळ. मृगाच्या आत आलास तर खड्डे तयार असतील. पहार दोन आहेत.

तुझा,
बाबू