लोणच्याची बरणी

सांगली

चि. बाळ यास अनेक आशीर्वाद.

फोनवर बाबांचा विषय निघाला की तू लगेच 'आई, गोळ्या घेतल्यास का'वर येतोस, म्हणून हे कागदावर.

बाबा गेल्यावर जो येई तो म्हणे, "वहिनी, किती केलंत त्यांचं!" कुणी आत्म्याच्या अमरत्वाची पातळ पुस्तकंही ठेवून गेलं. ते शब्द मला टोचायचे. का, ते पुढे सांगते.

वाचनालयाचं खातं बाबांच्या नावावर होतं. ते बदलायला गेले, आणि रिकाम्या हाताने कसं परतायचं म्हणून गांधीजींचं 'सत्याचे प्रयोग' उचललं. शाळेत वाचलं होतं, पण लक्षात राहिली होती ती चोरीची गोष्ट तेवढी. या खेपेला त्यांच्या वडिलांच्या मृत्यूपाशी अडकले. सोळा वर्षांचा मुलगा, राजकोटच्या घरी रोज रात्री आजारी वडिलांचे पाय चेपतोय. त्या रात्री साडेदहा-अकराला काका म्हणाले, जा, मी बसतो. हा सुटल्यासारखा बायकोच्या खोलीत गेला. पाच-सहा मिनिटांत गड्याने दार वाजवलं. वडील गेले होते. ही १८८५ची गोष्ट. 'नवजीवन'मध्ये आत्मकथा सुरू झाली १९२५ला. चाळीस वर्षं झाली तरी हा डाग पुसता आला नाही, असंच त्यांनी लिहिलंय.

पुस्तक पालथं घातलं आणि त्या दुपारी दोन तास गाढ झोपले. कितीतरी दिवसांनी.

एक मात्र पटलं नाही. सगळं खापर त्यांनी वासनेवर फोडलंय. कस्तुरबांना तेव्हा दिवस गेले होते, बाळ जन्मलं ते तीन-चार दिवसांत गेलं. त्या पोरीचं काय झालं असेल? तिने लिहिलं असतं तर मी आधी ते वाचलं असतं.

मग लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' पुन्हा काढलं. त्यांचे यजमान, कवी ना. वा. टिळक १८९५ला ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई पाचेक वर्षं वेगळ्या राहिल्या, रडून हैराण झाल्या. पण सांगताना टिळकांच्या तापटपणाला हसतात आणि स्वतःच्या वेडेपणालाही. नवऱ्याचा संताप येतो आणि तोच नवरा हवाही असतो, हे बाईंनी कसं लपवलं नाही बघ.

बाबांना असलं लिहिणं खपत नसे. १९९०ला पुलंच्या पत्नी सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' आलं तेव्हा पुलंचे भक्त म्हणून केवढे चिडले होते! "घरातलं घरात ठेवावं." हे पत्र वाचून माझ्यावरही चिडले असते.

तर आता घरातलं.

त्या रात्री जेवताना त्यांनी लिंबाचं लोणचं मागितलं. मी नाही म्हटलं. मी भात आणायला वळले तर यांचा चमचा बरणीत. मी बरणी हिसकावली, रस त्यांच्या सदऱ्यावर सांडला, आणि ओरडले, "मरायचंय का तुम्हाला?" मग स्टुलावर चढून बरणी वरच्या फळीवर, पिठाच्या डब्यामागे ढकलली. ते म्हणाले, "थांब, बाळ्यालाच सांगतो तुझं." आणि तुला फोन लावला.

तो तुझा मिस्ड कॉल, बाळ. दहाव्याला तू एकदाच म्हणालास, "मी उचलला असता तर," आणि पुन्हा कधी तोंड उघडलं नाहीस. त्यांना काही होत नव्हतं तेव्हा. आईची तक्रार करायची होती. रिंग वाजून थांबली तेव्हा म्हणाले, "अमेरिकेची मीटिंग असेल," आणि ताक पिऊन झोपले. माझ्याशी बोलले नाहीत, मीही बोलले नाही. पहाटे चहाला हाक मारली तर ओ आली नाही.

हे तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. पण फोनचं सांगायचं तर लोणच्याचं सांगावं लागलं असतं, आणि मग मी काय ओरडले तेही. म्हणून सहा महिने तुला तसंच ठेवलं. माझी चूक ती मोठी, बरणीची नव्हे.

बरणी अजून वरच आहे. आता गुडघ्यांमुळे स्टुलावर चढवत नाही, आणि कामाच्या बाईंना सांगायचा धीर होत नाही. दिवाळीला आलास की काढून दे. लिंबाचं आहे, चांगलं मुरलं असेल.

तुझी,
आई