चिठ्ठी लिहिली, पण गोळी घेतली का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

केज तालुक्यातील एका बाजाराच्या गावात गेली अठरा वर्षे माझे औषधांचे दुकान आहे. सरकारी दवाखान्यातून लिहून मिळालेल्या चिठ्ठ्यांपैकी किती चिठ्ठ्यांवरची औषधे खरोखर घेतली जातात, याची चौकशी कुणीच करत नाही, म्हणून हे पत्र.

मागच्या आठवड्यात सत्तरीच्या एका आजींनी पदराची गाठ सोडून चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि म्हणाल्या, "लेकरा, यातली ताकदीची बाटली तेवढी दे, बाकीचं राहू दे." बाकीचं म्हणजे रक्तदाबाची अ‍ॅम्लोडिपिन आणि मधुमेहाची मेटफॉर्मिन. अ‍ॅम्लोडिपिनच्या महिनाभराच्या गोळ्यांपेक्षा ती बाटली महाग होती, तेव्हा पैशाची अडचण हे एकच कारण नव्हते. डोके दुखत नाही, चक्कर येत नाही, मग रोज गोळी कशाला, असा त्यांचा सरळ सवाल होता आणि दवाखान्याच्या रांगेत त्याचे उत्तर द्यायला कुणाला सवड झालेली नव्हती.

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. तरीही साठा संपला की "बाहेरून आणा" असे सांगून चिठ्ठी हातात दिली जाते आणि तिथून पुढे त्या रुग्णाचा माग सुटतो. केसपेपरवर औषध लिहिले गेले म्हणजे आरोग्य केंद्राच्या हिशेबी उपचार झाला. दीर्घकालीन आजारांत विकसित देशांतही जेमतेम निम्मे रुग्ण उपचार नीट पाळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालीच नोंदवले होते. आपल्याकडे चित्र त्याहून बरे असेल, असे मानायला काही आधार दिसत नाही.

यावरचा उपाय नवा शोधायचा नाही. २०१७ च्या अखेरीस सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात ठरावीक औषधे, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या आणि तारीख चुकवणाऱ्या रुग्णांची यादी काढून त्यांचा पाठपुरावा, अशी साधी पद्धत बसवण्यात आली. महाराष्ट्रातील पहिले चार जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा होते. पुढे उपक्रम वाढला, पण सुरुवातीला मराठवाड्यातला एकही जिल्हा त्यात नव्हता, ही सल आहेच.

आमच्या जिल्ह्याची अडचण तर आणखी निराळी आहे. दसरा झाला की उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेल्या नवरा-बायकोच्या जोड्या मुकादमाबरोबर कोल्हापूर, सांगली, कर्नाटकाकडे ऊसतोडीला निघतात आणि पाडव्याच्या आसपास परततात. या पाच-सहा महिन्यांत गावच्या उपकेंद्रातून दहा-पंधरा दिवसांच्या गोळ्या मिळण्याचा त्यांना काय उपयोग? निघण्यापूर्वी निदान तीन महिन्यांच्या गोळ्या आणि औषधांची नावे मराठीत छापलेले कार्ड त्यांना मिळाले पाहिजे, आणि ते कार्ड दाखवले की तोडीच्या गावातील प्राथमिक आरोग्य केंद्राने पुढच्या गोळ्या देण्यास नकार देता कामा नये.

गावात राहणाऱ्यांसाठी उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांनी महिन्यातून एकदा, कुणी गोळ्या नेल्या आणि कुणी नेल्या नाहीत, याची यादी आशाताईंच्या हाती द्यावी. अर्थात या फेरीचा वेगळा मोबदला आशाताईंना मिळाला पाहिजे. फुकटच्या कामांचे ओझे त्यांच्यावर आधीच पुष्कळ आहे.

बाहेरच्या चिठ्ठीवर एक रिकामा रकाना छापावा, एवढी माझी स्वतःची सूचना आहे. कोणते औषध घेतले आणि कोणते सोडले, हे दुकानदाराने त्यात लिहावे आणि ती चिठ्ठी रुग्णाने पुढच्या तपासणीला डॉक्टरांना दाखवावी. आरोग्य केंद्रात औषधे वेळेवर मिळू लागली तर माझे गिऱ्हाईक थोडे कमी होईल, हे मला ठाऊक आहे. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांनी यंदा दसऱ्यापूर्वी एका तालुक्यात जरी हा रकाना सुरू केला, तरी माझ्या दुकानात येणारी प्रत्येक चिठ्ठी मी स्वतः भरून देईन.

आपला,
एक औषधविक्रेता
ता. केज, जि. बीड