काचेच्या झाकणाची कोहिबा

ठाणे,
रविवार दुपार

प्रिय बंड्या,

तुझे अकरा फोटो मिळाले आणि त्यांच्याखालचा 'अस्सल आहे ना रे?' हा प्रश्नही. फोनवर एका शब्दात मोकळा झालो असतो. पण तो शब्द 'नाही' आहे, आणि जन्मात सिगरेटला हात न लावलेला माणूस साठीत निवृत्तीची चैन म्हणून सिगारची पेटी घेतो, त्याला नुसतं 'नाही' सांगून फोन ठेवणं मला जमेना. म्हणून कागद काढला.

वाईट वाटून घेऊ नकोस. कोहिबा या क्यूबन सिगारवाल्यांनी काचेच्या झाकणाची पेटी कधी विकायला काढलेलीच नाही. तू जिथे घेतलीस त्या क्यूबातल्या वारादेरोच्या वाळूत मात्र तीच विकली जाते, कारण आत सिगारांवरच्या सोनेरी-काळ्या कागदी पट्ट्यांची रांग दिसली की गिऱ्हाइकाचे डोळे दिपतात. पहिल्या फोटोतच निकाल लागला होता. पुढचे दहा मी तुझं मन राखायला पाहिले.

पेटी विकणारा पोरगा काय म्हणाला ते तू लिहिलं नाहीस, पण मी सांगतो. भाऊ कारखान्यात आहे, कामगारांना त्यांचा वाटा मिळतो, दुकानात हेच पाचपट भावाने मिळेल, आणि आजचाच दिवस आहे. बरोबर? १९९६ साली हवानात मला हेच ऐकवलं गेलं. फक्त भावाच्या जागी मावशी होती.

तेव्हा मी जहाजावर फोर्थ इंजिनियर होतो, खिशात पहिल्यांदाच डॉलर खुळखुळत होते. कापितोलिओ या जुन्या संसदभवनाच्या मागे पार्तागासचा जुना सिगारचा कारखाना होता, तिथे नुसता इमारत बघत उभा राहिलो तर एक जण येऊन चिकटला. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत नेलं, म्हातारीने कॉफी दिली, भिंतीवर देव, देवापुढे फुलं. पलंगाखालून पेटी निघाली: मोंतेक्रिस्तो, म्हणजे क्यूबाचाच दुसरा नामी सिगार, पंचवीस नग, तीस डॉलर. त्या कॉफीनंतर घासाघीस करायचीही मला लाज वाटली. जहाजावर आलो आणि ऐटीत आमच्या सारंगाला, म्हणजे खलाशांच्या मुकादमाला, एक दिला. दापोलीकडचा म्हातारा, जन्मभर विडी ओढलेला. त्याने पेटवला नाही. बोटांनी बूड चेपलं, तळहातावर झटकला. चुरा पडला, त्यात देठ आणि काड्या. म्हणाला, "साहेब, ह्याच्यापेक्षा माझी विडी बरी."

त्या चुऱ्यात सगळं आलं. चांगल्या सिगारच्या आतलं सारण अख्ख्या पानांचं असतं, बुडापासून डोक्यापर्यंत लांबीने घड्या घालून बसवलेलं. त्याला बांधणारं एक पान, आणि वरून पारी, म्हणजे सगळ्यात देखणं, नितळ पान. मोदकासारखंच; पारी सुरेख असली तरी आत काय भरलंय ते फोडल्याशिवाय कळत नाही. तुझ्या पेटीतला एक नग बळी दे. उभा चीर. आत चुरा निघाला तर मला कळवायचीही गरज नाही.

आता पेटी कशी बघायची ते सांगतो, कारण तू पुन्हा घेणार आहेस हे मला ठाऊक आहे.

आधी पेटी उलटी कर. खऱ्या पेटीच्या तळावर 'हबानोस एस.ए.', 'एचो एन कुबा' आणि 'तोतालमेंते आ मानो' हे शब्द तापल्या ठशाने लाकडात डागलेले असतात. नख फिरवलंस तर खोलगट लागतात. 'एचो एन कुबा' म्हणजे क्यूबात बनवलेलं. 'तोतालमेंते आ मानो', म्हणजे संपूर्ण हाताने, हे १९८९ पासून आलं. हबानोस ही क्यूबन सिगार विकणारी कंपनी १९९४ ची. त्यामुळे कुणी 'आजोबांच्या काळातली पेटी' म्हणून हबानोसचा ठसा दाखवला तर आजोबांना नमस्कार करून निघायचं. शेजारी शाईचा शिक्का असतो, कारखान्याचा गुप्त संकेत आणि महिना-वर्ष. महिना स्पॅनिशमध्ये: जानेवारीचं 'एने', एप्रिलचं 'अब्र', ऑगस्टचं 'आगो', डिसेंबरचं 'दिक'. तुझ्या सातव्या फोटोत इंग्रजी 'जान' आहे. मी चहा सांडला.

मग पुढे डावीकडे हिरवी-पांढरी सरकारी हमीपट्टी. तिचा वंश १९१२ पर्यंत मागे जातो, पण २०१० पासून तिच्यावर होलोग्राम आणि बारकोडचा आकडा असतो, आणि तो आकडा कंपनीच्या संकेतस्थळावर घालून तपासता येतो. हे करच. पण एवढ्यावर विसंबू नकोस. एका खऱ्या पेटीचा आकडा शंभर खोट्या पेट्यांवर छापायला छापखानाच लागतो, दुसरं काही नाही.

माझा जास्त विश्वास आहे तो आतल्या रांगेवर. आठवतंय, आपल्या सोलापुरात पद्मशाली बायका ओट्यावर सुपं मांडीवर घेऊन विड्या वळायच्या, आणि कारखान्यातला माणूस जुड्या हातात घेऊन छाट काढायचा? एक जाड, एक बारीक दिसली की बाजूला. हवानातही तीच नजर. तिथे रंगाची वेगळी छाननी होते, पेटीतले सगळे सिगार एका छटेचे निवडतात, आणि त्यातही गडद डावीकडे, मग फिकट होत उजवीकडे असे लावतात. पट्ट्या सगळ्या एका उंचीवर, तोंडं समोर. तुझ्या पेटीत एक चॉकलेटी, त्याच्या शेजारी पिवळट, पट्ट्या वर-खाली, जशी शाळेच्या संमेलनातली रांग. डोक्यावरची टोपीही बघ: क्यूबन वळणारे पानाचे फेर देऊन ती बसवतात, जवळून पाहिलं तर तीन बारीक रेषा दिसतात. तुझ्यांना एकच जाडसर ठिगळ आहे.

कोहिबाच्या पट्टीबद्दल लोक तास-तास बोलतात, पांढरे चौकोन किती ओळी, सोनेरी कडेचा उठाव कसा. मला त्याचा कंटाळा आहे. पट्टी ही छापायची वस्तू आहे आणि दर काही वर्षांनी बदलते. नकली करणारे आधी तीच सुधारतात. शिवाय तुमच्या कॅनडात २०१९ च्या नियमांनी सगळ्या तंबाखूला एकच मळकट उदी वेष्टन केलंय, तेव्हा तिथल्या दुकानात बघून नजर तयार होणार नाहीच.

म्हणून बंड्या, पेटी बघायच्या आधी विकणारा बघ. क्यूबात 'ला कासा देल हबानो' ही अधिकृत दुकानं आहेत, बाहेरच्या देशांतही आहेत. तिथे घे, पावती घे. कारखान्यात वळणाऱ्याला रोज थोडे सिगार ओढायला मिळतात हे खरं आहे, म्हणून तर गोष्ट पटते. पण ते सुटे असतात. शिक्के मारलेली पेटी कुणाची मावशी घरी नेत नाही. आणि भाव! कोहिबा हा १९६६ पासून आधी कास्त्रो आणि पाहुण्यांच्या भेटींसाठी वळला जायचा, खुल्या बाजारात आला १९८२ मध्ये. २०२२ मध्ये कंपनीने त्याचे भाव जगभर महागड्या हाँगकाँगच्या पातळीला नेऊन ठेवले. असा माल कुणी तुला पोहायच्या चड्डीवर असताना एकशेवीस डॉलरला देत असेल तर तो काय देतोय, विचार कर.

कोहिबाच कशाला पण? सुरुवातीला मोंतेक्रिस्तो नंबर चार घे. बोटभर जाड, पाच इंच, अर्ध्या-पाऊण तासाचा. नाव कोहिबाइतकं झळकत नाही, आणि चार सिगार घेतलेस तरी खिसा शाबूत. एका वेळी चारच घे, हे मी आग्रहाने सांगतो. डॉक्टरांना तू सांगितलं नसशील ना अजून? सिगारचा धूर छातीत घेत नाहीत म्हणून तो निरुपद्रवी होतो असं नाही. तोंडाला, घशाला तो तेवढाच लागतो. मी महिन्याला एक ओढतो, आणि सुलभाला ते एकही जास्त वाटतं.

आता ठेवायचं कसं. इथे तुझी आणि माझी दुखणी उलटी आहेत.

टेंभुर्णीची पानं भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायच्या ना सोलापुरातल्या त्या विड्या वळणाऱ्या बायका? कोरडं पान वळताना तडकतं. सिगार झाल्यावरही पान पानच राहतं. त्याला ६५ ते ७० टक्के दमटपणा आणि १८-२० अंशांची हवा लागते. तुमच्या मिसिसागात जानेवारीत हीटर लावलेल्या घरात दमटपणा पंचवीस-तीसवर येतो, तुझे ओठ फुटतात तसा सिगार फुटेल. फ्रिजमध्ये तर ठेवूच नकोस, तो पाणी शोषून घेतो आणि वर कालच्या सांबाराचा वास लावतो.

सुंदर लाकडी ह्युमिडॉर, म्हणजे सिगार दमट ठेवायची पेटी, घ्यायची घाई करू नकोस. कोरं लाकूड आधी स्वतः तहान भागवतं आणि सिगारचं पाणी पिऊन टाकतं. त्याला दोन आठवडे दमट करून मुरवावं लागतं, आणि झाकण घट्ट बसत नसेल तर सगळं व्यर्थ. तू वहिनींचा रबरी कड्याचा, हवाबंद प्लास्टिकचा डबा माग. नवा हं, लोणच्याचा नको. त्यात ६५ किंवा ६९ टक्क्यांची बोवेडाची पुडी टाक. ती दमट हवेत पाणी ओढते, कोरड्या हवेत सोडते. सोबत दमटपणा मोजणारा छोटा डिजिटल हायग्रोमीटर. पण त्याच्यावर डोळे मिटून भरवसा नको. बाटलीच्या झाकणात मीठ घे, चार थेंब पाणी घालून चिखल कर, पातळ नको, आणि ते झाकण नि हायग्रोमीटर एका घट्ट पिशवीत रात्रभर ठेव. सकाळी त्याने ७५ दाखवायला हवेत. ७१ दाखवला तर पाठीवर चिकटपट्टी लावून 'अधिक ४' लिहून ठेव. जहाजावर आम्ही गेज असेच पडताळायचो, आणि हा एवढा प्रयोग करताना मला सिगार ओढण्यापेक्षा जास्त मजा येते, हे खासगीत सांगतो.

माझं दुखणं ठाण्याचं. जुलैत घरातला दमटपणा ८५ च्या वर, एका पावसाळ्यात डबा नीट लावला नाही तर पाच सिगारांवर पांढरी-निळी बुरशी. विकणारे 'हे तेल वर आलंय, चांगलं लक्षण' वगैरे सांगतात. लोकरीसारखं दिसलं की ती बुरशी, फेकायची. पण मे महिन्याने त्याहून मोठा दणका दिला. आठ-नऊ वर्षांपूर्वी डबा माळ्यावर ठेवला होता. पंधरा दिवसांनी उघडला तर सिगारांना टाचणीने टोचल्यासारखी भोकं, तळाशी तपकिरी पीठ. सुलभाने वाकून बघितलं आणि म्हणाली, "हा तर हळकुंडातला किडा." अगदी तोच. लासिओडर्मा सेरिकोर्ने नाव त्याचं, तंबाखू, हळद, धणे, मिरची, काही सोडत नाही. अंडी पानात आधीच असतात, हवा पंचवीस अंशांच्या वर गेली की किडे निघायला लागतात. मसाल्याच्या बरणीत ती हिंगाचा खडा टाकते तसा टाकू का विचारलं, तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की काही विचारू नकोस. पान सगळे वास ओढून घेतं, हे तिला मी शिकवायला नको होतं.

आता क्यूबातून माल निघायच्या आधी गोठवतात, त्यामुळे अधिकृत पेटीत ही भीती कमी झाली. पण तुझा काचेच्या पेटीतला माल कुणी गोठवलेला नाही. तो नव्या सिगारांच्या शेजारी अजिबात ठेवू नकोस. शंका आलीच तर घट्ट पिशवीत बांधून एक दिवस फ्रिजमध्ये, तीन दिवस फ्रीझरमध्ये, पुन्हा एक दिवस फ्रिजमध्ये, मग बाहेर. थेट फ्रीझरमधून उन्हात आणलास तर वरचं पान तडकेल.

डिसेंबरात येशील तेव्हा नंबर चारचे दोन, फक्त दोन, त्याच डब्यात पुडीसकट हँडबॅगेत घालून आण. विमानाच्या पोटातल्या थंडीत आणि आदळआपटीत पाठवू नकोस. इथे माझ्या गच्चीत संध्याकाळी वारा असतो. माचीस मी देईन, लायटरच्या पेट्रोलचा वास मला नको. काचेची पेटीही टाकू नकोस. वहिनींना बटणं ठेवायला झकास आहे, आत काय आहे ते वरूनच दिसेल.

तुझा,
नंदू

ता. क. चिरलास का एक? आत काय निघालं ते कळव. मघाशी नको म्हणालो होतो, पण मला आता राहवत नाहीये.