गाजर बेळगावचे, तांबडी भाजी परसातली

संपादक महोदय,

डिचोलीत माझे शिवणकामाचे दुकान आहे. मी सुईत दोरा ओवताना चष्मा पुढे-मागे करू लागलो की गिऱ्हाईक हटकून सांगते, 'मामा, गाजर खा.' चाळिशीनंतर डोळ्यांतले भिंग ताठर होते, त्यावर कुठल्याच भाजीचा उपाय नाही. चष्माच लावावा लागतो. पण भाजीचाच विषय काढलात, तर आधी आपल्या मातीतली सांगा.

गाजर आपल्याकडे गोव्यात घाट उतरून बेळगावकडून येते. त्यातल्या ज्या बीटा कॅरोटीनपासून शरीर अ जीवनसत्त्व बनवते, ते तांबड्या भाजीत, म्हणजे लाल माठात आहे, शेवग्याच्या पाल्यात आहे, पिकलेल्या पपईतही आहे. शिवाय या पाल्यात ल्युटिन असते, जे गाजरात नावापुरतेच सापडते. डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी, जिथून आपण बारीक अक्षर वाचतो, तिथे ते साठते. अष्टमीला शेवग्याच्या पाल्याची भाजी आणि पावसाळ्यात फणसाच्या बिया घालून तायकिळा (टाकळा) करणाऱ्या आमच्या आयांना ल्युटिन ठाऊक नव्हते. वर मूठभर ओला नारळ मात्र त्या न चुकता घालत. ही द्रव्ये अंगी लागायला स्निग्धांश लागतोच. नुसती उकडलेली पानचट भाजी 'डाएट' म्हणून खाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

फार्मसीत डोळ्यांच्या महागड्या गोळ्या मिळतात. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष 2013 साली आले. त्यांनुसार पडद्याचा वयोमानाचा विकार मध्यम टप्प्यावर पोचलेल्यांना ठरावीक मात्रेच्या गोळ्यांनी तो बळावू नये म्हणून मदत होते. निरोगी माणसाला तो होऊच नये म्हणून त्या नाहीत. सिगारेट ओढणाऱ्यांनी तर बीटा कॅरोटीनच्या गोळ्या घेऊच नयेत, त्यांना फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. पपईची फोड खुशाल खावी.

गोव्यात खरी भीती साखरेची. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहींचे प्रमाण गोव्यात 26.4 टक्के, म्हणजे देशात सर्वाधिक निघाले. मधुमेह डोळ्याचा पडदा पोखरतो आणि सुरुवातीला कळतही नाही. तेव्हा मधुमेह्याने ताटात शिताची रास कमी करून भाजी वाढवावी, आणि वर्षातून एकदा डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घ्यावा. ते काम भाजी करणार नाही.

माझी मागणी एवढीच. सवलतीच्या भाजीच्या आमच्या जवळच्या सरकारी गाळ्यावर कोबी, बटाटा, गाजर रोज असते. तांबड्या भाजीची जुडी विचारली की 'बाजारात बघा' म्हणतात. बाजारात ती गावच्या बायका टोपलीत घेऊन बसतात आणि उन्हात दहा वाजेपर्यंत ती कोमेजते. याच बायकांकडून सकाळी घेऊन ती गाळ्यावर ठेवायला काय हरकत आहे? आठवड्यातून दोन दिवस ठेवून बघा, उरली तर बोला.

एक टेलर, डिचोली