मानसशास्त्राची पदवी आणि पुढचा खर्च

महोदय,

मुलीला बारावीनंतर मानसशास्त्र घ्यायचे आहे. आपल्या सयाजीराव विद्यापीठात हा विषय आहे, घरूनच जाता येईल. तेव्हा पदवीच्या फीची धास्ती नाही. धास्ती पुढची आहे. नुसत्या बी.ए.वर कुणी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, म्हणजे मानसिक आजारांचे निदान व समुपदेशनाने उपचार करणारा तज्ज्ञ, होत नाही. त्यासाठी १९९२च्या कायद्यानुसार भारतीय पुनर्वास परिषद या केंद्रीय संस्थेची नोंदणी लागते, म्हणजे पदव्युत्तर पातळीवरचे मान्यताप्राप्त शिक्षण आले, आणि तिथल्या जागा मोजक्याच. परगावी राहायची वेळ आली तर तो खर्च वेगळाच. एका खासगी कॉलेजात आम्हाला ‘स्कोप खूप आहे’ एवढेच सांगितले. कॉलेजांनी ही सगळी वर्षे प्रवेशाच्या वेळीच पालकांपुढे मांडावीत. मुलीला मी मानसशास्त्रच शिकवणार. पैसे मात्र आतापासूनच बाजूला टाकतो आहे.

– एक पालक, दांडिया बाजार, बडोदे