मिस्त्री, तुम्ही ‘नको’ म्हणालात त्याबद्दल

आदरणीय मिस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार.

समोर बसवून आभार मानायला लागलं की तुम्ही “अहो ताई, आमचं कामच आहे ते” म्हणत अर्धा चहा टाकून उठता. म्हणून हे उघड पत्र. तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवील. मध्येच उठायचं नाही.

वाड्याचा पहिला मजला वाटणीत आमच्याकडे आला तेव्हा त्याचं काय करायचं यावर बाकीच्या घरात दुमत नव्हतं: बिल्डरला द्यायचा. पुण्याच्या आमच्या पेठेत बहुतेकांनी तेच केलंय. जुना वाडा पाडतात, सात मजले चढवतात आणि वाड्याचं नाव तेवढं नव्या इमारतीच्या पाटीवर लावतात. आम्हाला मात्र तिथे राहायचं होतं, आणि तेही आजच्यासारखं. रस्त्याकडचा दिवाणखाना, चौकाभोवतीची ओसरी, मधलं अंधारं माजघर आणि मागची खोली, एवढ्यात दोन बेडरूम, दोन बाथरूम, स्वयंपाकघर आणि वॉशिंग मशीन बसवायचं होतं. वाडा महापालिकेच्या वारसा यादीत तिसऱ्या श्रेणीत आहे. ते कागद आर्किटेक्ट बाईंनी सांभाळले, त्यांचे आभार वेगळे मानलेत.

तुमच्याआधी जे इंटिरियरवाले आले त्यांच्या नकाशात सगळं होतं. कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या छतावर, चार इंची काँक्रीटचा स्लॅब, त्यावर चकचकीत टाइल, खाली जिप्समची फॉल्स सीलिंग आणि खांबांना प्लायचे डबे. तुम्ही नकाशा पाहिलाच नाहीत. सरळ खाली गेलात आणि तळमजल्यावरच्या एका खांबापाशी उकिडवे बसून पटाशीने फरशी खरवडायला लागलात. आम्ही वरच्या मजल्याबद्दल बोलायला बोलावलेला माणूस खालची फरशी का उकरतोय, हे कुणालाच कळेना.

तळखडा, म्हणजे खांबाखालचा दगड, शोधत होतात तुम्ही. वाड्याचा सागवानी खांब जमिनीत पुरलेला नसतो, दगडी तळखड्यावर उभा असतो, म्हणजे ओल लाकडापर्यंत चढत नाही. आमच्याकडे आधी शहाबादी, मग मोझॅइक, मग त्यावर सिमेंटचा कोबा अशी एकेका पिढीची जमीन चढत गेली होती. तळखडे गाडले गेले आणि खांबांचे पाय फरशीखाली गेले. त्यात भिंतींना छातीपर्यंत सिमेंटचा गिलावा. १२ जुलै १९६१ ला पानशेतचं धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं आणि मातीत बांधलेले कितीतरी वाडे बसले. आमचा वाचला. पुढे कुणीतरी “मजबुतीसाठी” तो गिलावा केला. तुम्ही म्हणालात, “पुराचं पाणी कधीच गेलं असतं, ह्या सिमेंटनं त्याला बाहेर पडायला वाट ठेवली नाही.” विटा आणि पांढरी माती पाणी पितात आणि वाऱ्यावर सोडूनही देतात. सिमेंट ते सोडू देत नाही, मग ओल वर चढते आणि जिथे वाट सापडेल तिथे क्षार फुलवते. आमच्या बाबतीत तिला वाट सापडली ती खांबांत.

स्लॅबचा निकाल तिथेच लागला. चार इंची स्लॅब म्हणजे चौरस मीटरला अडीचशे किलो. दिवाणखाना तीस चौरस मीटरचा, म्हणजे एकट्या त्या खोलीत साडेसात टन, आणि ते पेलणार पाय कुजलेले खांब. हा हिशेब आर्किटेक्ट बाईंनी कागदावर केला. तुम्ही तो आधीच बोटाने दाखवला होता.

मग वरच्या घराच्या पैशांतला मोठा वाटा खालीच गेला. प्रत्येक खांबाभोवतीची फरशी काढून तळखडा मोकळा करणं, जॅक लावून वरची आडवी तुळई केसभर उचलणं, खांबाचा सडका पाय कापून सागवानाचाच नवा पाय जोडणं, वर ओळंबा सोडून पाहणं. लाकूड तुम्ही भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून आणलंत, पाडलेल्या दुसऱ्या कुठल्या तरी वाड्याचं. नवं लाकूड का नको, असं मी विचारलं तर म्हणालात, “नवं अजून आकसायचं असतं. ह्याचं आकसून झालंय.” हातोडीने वाजवून वाळवीची पोकळी ओळखायला तुम्ही माझ्या मुलीला शिकवलंत. ती आता मामाच्या फ्लॅटमधले दरवाजेही वाजवून बघते आणि निकाल जाहीर करते. मामाला ते फारसं आवडलेलं नाही.

वरच्या मजल्यावर तुम्ही टेप बाजूला ठेवलात. “वाडा खणात मोजायचा, फुटात नाही.” दोन खांबांमधला एक खण, त्या खणांवरच कड्या बसलेल्या, त्या खणांवरच खिडक्या. इंटिरियरवाल्यांनी बेडरूमची भिंत खणाच्या मधोमध काढली होती, ती सरळ एका महिरपीच्या पोटात घुसत होती. तुम्ही ती खांबांच्या ओळीत सरकवलीत. बेडरूम दोन हातांनी लहान झाली, पण घरात कुठेही उभं राहिलं तरी खांबांची ओळ अख्खी दिसते. भिंतीही कडीपाटाला टेकवल्या नाहीत. सात फुटांवर थांबवून वर काच लावली, त्यामुळे छत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग दिसतं आणि चौकातला उजेड थेट माजघरात पोहोचतो. खिळा एकही जुन्या लाकडात नाही. उद्या कुणाला त्या भिंती नको झाल्या तर स्क्रू काढून उचलता येतील. घोरणं मात्र त्या काचेवरून आरपार ऐकू येतं, ही तक्रार नोंदवून ठेवते.

तुमचं सगळ्यात मोठं ‘नको’ पाण्याला होतं. वाड्यात न्हाणीघर मागे, तळमजल्यावर, दगडी फरशीवर असायचं ते उगीच नाही. आम्हाला बेडरूमला लागून बाथरूम हवी होती, म्हणजे नेमकी कडीपाटाच्या मधोमध. “आज गळणार नाही, पाच वर्षांनी गळेल. आणि गळतंय हे कळेल तेव्हा कडी हातात येईल,” हे तुमचं वाक्य आमच्याकडे म्हणीसारखं वापरलं जातं. शेवटी दोन्ही बाथरूम आणि स्वयंपाकघराचं सिंक मागच्या बोळाच्या बाजूला एकाच ओळीत आलं. त्यांच्याखाली वाड्याच्या तुळया नाहीत, लोखंडी चौकटीचा वेगळा सांगाडा आहे, जमिनीपासून स्वतःच्या पायांवर उभा. पाइप सगळे बाहेरून, डोळ्यांना दिसतील असे. रात्री उठून ओसरी ओलांडून जावं लागतं, आणि डिसेंबरात ते अंगावर येतं. तरी ते पटलंय.

चुन्याबद्दल तुमच्याबरोबर आलेल्या गवंड्यांचेही आभार. कळीचा चुना भिजवून, मुरवून, चाळून, वाळू आणि विटांची भुकटी घालून केलेला गिलावा. गुळाच्या आणि बेलाच्या पाण्याचं प्रमाण ते कुणाला सांगत नाहीत, मीही विचारलं नाही. सिमेंट एका रात्रीत घट्ट होतं. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत सावकाश दगड होतो, म्हणून थर पातळ आणि दोन थरांमध्ये थांबणं. ते थांबणं फार जड गेलं, भाड्याचं घर चालू होतं. पण मागच्या पावसाळ्यात खालच्या भिंतींवर क्षार फुलले नाहीत. वायरिंगही तुम्ही भिंती फोडून करू दिलं नाहीत. पितळी रंगाच्या नळ्या कोपऱ्याकोपऱ्यांतून उघड्या नेल्या आणि आता पाहुणे विचारतात की ही डिझाइन कुणाची.

एका गोष्टीत तुमचं-माझं पटलं नाही, तेही लिहिते. खांबांवरचा हिरवा ऑइलपेंट काढून खालचं सागवान उघडं करायला तुमचा विरोध नव्हता, ओलं करून खरवडत तुमच्या मुलाने ते फार निगुतीने केलं. सुरूच्या आकाराचे खांब आणि वरची कोरीव केळफुलं पुन्हा दिसायला लागली. पण छतावरची मंगलोरी कौलं काढून “मूळची” देशी थापीची कौलं घालावीत, असं तुम्हाला वाटत होतं. मंगळुरात कौलांचा कारखाना १८६५ साली निघाला, वाडा त्याआधीचा, हे बरोबर. तरी माझ्या आजीने, पणजीने पाऊस ऐकला तो ह्याच कौलांवर. वाडे बदलतच आलेत. विश्रामबागवाडा १८०७ चा, दुसऱ्या बाजीरावाचा राहता वाडा. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली, १८७९ च्या आगीनंतर त्याचा जळालेला भाग लोकवर्गणीतून पुन्हा उभा राहिला, पुढे नगरपालिकेची कचेरीही तिथे होती. म्हणून कौलं राहिली. तुम्ही मान हलवलीत आणि फुटलेली तेवढी बदललीत.

आता दिवाणखान्यात फ्रीजचा आवाज येत नाही, कारण तो माजघरातल्या जुन्या फडताळाच्या जागी, तुम्ही केलेल्या दारामागे आहे. एसी फक्त कौलांखालच्या एका बेडरूममध्ये लागला, तोही मागच्या बाजूने. बाकी भिंतींची जाडी पुरते. देवघराचा कोनाडा जिथे होता तिथेच आहे, शेजारी वायफायचा डबा बसलाय. आईला तो शेजार मान्य नव्हता, पण नेट तिथेच चांगलं येतं म्हणून तिनेच शेवटी मान्य केलं.

शेजारच्या गल्लीतले वाडेवाले गेल्या आठवड्यात घर बघून गेले. त्यांना तुमचा नंबर दिलाय, फोन येईल. त्यांच्याही डोक्यात स्लॅबच आहे. नकाशा काढायच्या आधी त्यांना खाली न्या आणि एक तळखडा उकरून दाखवा.

तुमची,
पहिल्या मजल्यावरची ताई